खिडकीपुढे उघडलेली पेटी

१

पेटी उघडली आणि आतून भलतीच टोपी निघाली, खरं तर एवढीच गोष्ट. पण ती ग्वायाकिलच्या विमानतळावर, विक्रीकर परत देणाऱ्या खिडकीपुढे, सरकारी माणसाच्या नाकासमोर उघडली, म्हणून सगळा घोळ झाला.

परदेशी पाहुण्यानं इथं बनलेली महागाची वस्तू घेतली, की जाताना तिच्यावरचा कर त्याला परत मिळतो. दुकानानं पावती आणि अर्ज भरून द्यायचा, पाहुण्यानं खिडकीपुढे अर्ज, पासपोर्ट आणि वस्तू दाखवायची. इर्मगार्डबाई नावाच्या एका जर्मन बाईंनी रविवारी तसं केलं. अर्जात लिहिलं होतं, तोकिया नावाच्या झाडाच्या काडीची अतितलम टोपी, सात महिन्यांची वीण. खिडकीतल्या माणसानं पेटीवरची कागदी पट्टी फाडली आणि आतली गुंडाळी उलगडली. बाजारात कोणत्याही टपरीवर लटकलेली असते, तसली जाडीभरडी टोपी होती. बाईंना तिथंच रडू कोसळलं.

सोमवारी दुपारी दोन वाजता करखात्याचे आरिसागासाहेब ती पेटी काखोटीला मारून क्वेन्कात, एउदोरो मालकांच्या टोप्यांच्या दुकानात येऊन उभे राहिले.

"अर्जावर सही कोणाची?"

मालकांनी क्षणाचाही विचार न करता बोट केलं. "हिची. नुबेची. टोपी हिनंच पेटीत घातली, पट्टीही हिनंच चिकटवली. माझा काडीचा संबंध नाही, साहेब."

नुबे चोवीस वर्षांची. तिची आठ महिन्यांची पोर मागच्या कारखान्यात टोप्यांच्या टोपलीत झोपली होती. नुबेनं आधी तिकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"खोटा अर्ज देऊन सरकारकडून पैसे उकळायचा प्रयत्न," साहेब थंडपणे म्हणाले. "मी पाच वाजता सरकारी वकिलाच्या कचेरीत जाणार आहे. तू माझ्याबरोबर येणार आहेस. पोर कोणाकडे ठेवायची ते ठरवून घे."

"मी काही केलं नाही हो साहेब!"

"सगळे असंच म्हणतात. पकडले गेले की माझे वडीलही असंच म्हणायचे."

कारखान्याच्या दारात एक ठेंगणी बाई येऊन उभी होती. हातात कात्री, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. ही नुबेची आई, तार्खेलिया. खेड्यांतून विणून आलेल्या टोप्यांच्या कडा बंद करायच्या आणि लोंबणारी टोकं कापायची, हे काम ती एकतीस वर्षं करत होती. तिचा नवरा लेओविखिल्दो त्याच टोप्या लाकडी ठोकळ्यावर चढवून इस्त्री करायचा. तो शुक्रवारी संध्याकाळी सिगसिगला, आपल्या आजारी आईकडे गेला होता. तार्खेलियानं त्याला मुद्दामच फोन केला नाही. आईच्या उशाशी बसलेल्या माणसाला हे काय सांगायचं?

"पाचला तीन तास आहेत," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण ती दारातून हलली नाही. "तेवढ्यात मी खरा चोर दाखवला तर?"

मालक हसले. "घ्या! कडा कापणारीला आता गुन्हे उकलायचेत!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग रिकामी खुर्ची पाहिली आणि तिच्यात बसले. "दाखवा. पण पाच म्हणजे पाच."

२

तुरुंगात गेलेली माणसं तार्खेलियानं पाहिली होती. सुटका झाली तरी ती पहिल्यासारखी कधी होत नाहीत. पोरगी निर्दोष आहे हे तिला आईच्या काळजानं कळत होतं, पण काळजाची साक्ष कोणती कचेरी घेते?

"ती टोपी द्या माझ्याकडे," ती म्हणाली.

तिनं भरडी टोपी उलटीसुलटी केली. कडेवरून बोट फिरवलं. घडीच्या रेषेत नाक खुपसून वास घेतला आणि तशीच थांबली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"कुबट वास येतोय. घडीत काळे ठिपके आहेत, हे बघा. बुरशी."

"मग? ग्वायाकिलच्या उकाड्यात माणसांनाही बुरशी येते."

"कोरड्या काडीला नाही येत, साहेब. ही ओली करून गुंडाळलीय. अर्धा दिवस वाऱ्यावर ठेवायला हवी होती, तेवढा वेळ नव्हता म्हणून तशीच कोंबली. आणि ठिपके पडायला निदान तीन रात्री लागतात. म्हणजे अदलाबदल काल वाटेत झालेली नाही. शनिवारच्या आधीची आहे."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "पण ओली कशाला केली?"

"तोकियाची काडी कोरडी वळवली की तडकते. म्हणून टोपी गुंडाळण्याआधी ओल्या फडक्यानं पुसायची, हे आमच्या हाताला लहानपणापासून लागलेलं असतं. उंची टोपीला करतातच. पण असल्या टोपीचे लाड कोण करतं? तडकली तर तडकली. हे त्याच माणसानं केलं, ज्याच्या हाताला दुसरं येतच नाही. चोरी करतानासुद्धा त्याला काडी मोडवली नाही."

दाराशी उभा असलेला वॉशिंग्टन मोरोचो एकदम पुढं सरसावला. हा पर्यटकांचा वाटाड्या. नाव वॉशिंग्टन, पण उभ्या जन्मात शेजारच्या लोखा गावाच्या पलीकडं गेला नव्हता. रविवारी इर्मगार्डबाईंना आणि त्या पेटीला याच्याच गाडीनं विमानतळावर पोचवलं होतं, म्हणून सकाळपासून तो जीव मुठीत धरून होता.

"ऐकलंत ना साहेब? मला टोपी ओली करायची असते हे माहीत तरी होतं का? मी टोप्या फक्त उन्हात घालतो! देव तुमचं भलं करो, तार्खेलियाबाई!"

"म्हणजे तू सुटलास," साहेब म्हणाले. "चोर टोपीच्या धंद्यातला आहे." त्यांनी सावकाश नुबेकडे मान वळवली. "आणि ही धंद्यातलीच आहे. दुकानात काम करते, पेटी हिच्या ताब्यात होती. बाई, तुम्ही तर स्वतःच्या मुलीभोवती दोर आवळलात."

"त्यात ती टोपी कोणाची होती ते विचारा," मालक म्हणाले. "हिच्या आजीनं विणलेली! सिगसिगची एर्मेलिंदा, लेओविखिल्दोची आई. तिची शेवटची टोपी, त्यानंतर म्हातारीचे डोळे गेले. या घरातल्या सगळ्यांचा जीव त्या टोपीत अडकला होता."

नुबे भिंतीला टेकून खाली बसली.

३

साडेतीन वाजले. टोपलीतली पोर उठून रडायला लागली. नुबे तिला पाजायला आत गेली, आणि साहेबांनी आपल्या शिपायाला कारखान्याच्या मागच्या दाराशी उभं केलं. तार्खेलियानं ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मालक, तुम्हाला एक विचारते. राग मानू नका."

"मानणार आहे. विचार."

"हीच टोपी तुम्ही आधी न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याला कबूल केली होती ना? आणि मग इर्मगार्डबाईंनी जास्त दिले म्हणून त्यांना विकलीत."

मालक लाल झाले. "तू माझं मीठ खातेस, तार्खेलिया!"

"खाते. म्हणूनच अळणी बोलत नाही. टोपी एक आणि गिऱ्हाइकं दोन. न्यूयॉर्कच्याला खरी पाठवायची आणि या बाईच्या पेटीत भरडी घालायची, असं कोणाच्याही मनात येऊ शकतं."

"अगं बये, न्यूयॉर्कच्याला मी पुढच्या वर्षीची टोपी देतो म्हणून पत्र पाठवलंय! ही त्याची नक्कल!" मालकांनी गल्ल्यातून कागद काढून साहेबांपुढं आपटला. "शिवाय मीच त्या बाईला बजावलं, वाटेत पेटी उघडू नका, खिडकीतल्या माणसालाच पट्टी फाडू द्या. आत भरडी टोपी आहे हे ठाऊक असतं तर असं सांगितलं असतं का? मी हलकट असेन, गाढव नाही."

"हे मात्र खरं आहे," वॉशिंग्टन म्हणाला. "माझ्यासमोर सांगितलं. शनिवारी."

तार्खेलिया त्याच्याकडे वळली. "शनिवारी. वॉशिंग्टन, तू मला सगळं पहिल्यापासून सांग. बाई इथं आल्या कधी?"

"गुरुवारी. टोपी घातली आणि आरशासमोरून हलेनात. पैसे दिले, पण पेटी इथंच ठेवली, कारण शुक्रवारी त्यांना डोंगरात कखासच्या तळ्यांवर जायचं होतं. तिथल्या पावसात टोपी कशाला न्यायची? शनिवारी घेऊन जाते म्हणाल्या."

"आणि पुढं कुठं जाणार होत्या?"

"सोमवारी बसनं पेरूला. गुरुवारी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. तेव्हा कराच्या अर्जाचा प्रश्नच नव्हता. जमिनीवरच्या सीमेवर ती खिडकी कुठंय? पण शुक्रवारी रात्री दरड कोसळली, रस्ता बंद झाला. शनिवारी सकाळी मी त्यांना घेऊन आलो तेव्हा त्यांनी विमानाचं तिकीट काढलं होतं. मग नुबे म्हणाली, विमानानं जाताय तर कर परत मागा, मी अर्ज भरून देते. बाईंना असलं काही असतं हेच माहीत नव्हतं."

तार्खेलियाच्या हातातली कात्री टेबलावर पडली.

"परत बोल. अर्जाचं कोणी सुचवलं?"

"नुबेनं. कितीदा सांगू?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार झाले होते. दोन तासांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला.

"साहेब," ती म्हणाली, "नुबेला बाहेर बोलवा. माझी पोर सुटली."

४

नुबे पोरीला खांद्यावर घेऊन आली. मालक गल्ल्यावर, वॉशिंग्टन दाराशी, साहेब खुर्चीत. तार्खेलिया मधोमध उभी राहिली. एरवी चार माणसांत ती तोंड उघडत नसे. आज तिला कोणी थांबवू शकलं नसतं.

"चोरानं शुक्रवारी टोपी बदलून पट्टी परत चिकटवली, तेव्हा त्याच्या डोक्यात काय होतं? बाई बसनं पेरूला जाणार. सीमेवर खिडकी नाही, म्हणून अर्ज नाही. अर्ज नाही, म्हणून पेटी कोणी उघडायला सांगणार नाही. ती उघडेल दूर जर्मनीत, महिन्या-दोन महिन्यांनी. तिथून कोण येतंय विचारायला? बरोबर?"

"पुढं," साहेब म्हणाले. ते आता लिहून घेत होते.

"शनिवारी सकाळी हे सगळं फिरलं. बाई विमानानं जाणार हे ठरलं, अर्ज भरला गेला. बाई इथं दोन तास बसल्या होत्या. पेटी त्या फळीवर होती. त्या वेळी चोर या दुकानात असता तर त्याला घाम फुटला असता. पट्टी सैल झालीय, नीट बांधून देतो, असं म्हणून त्यानं पेटी आत नेली असती आणि खरी टोपी परत घातली असती. काही नाही तर अर्ज तरी होऊ दिला नसता. आणि नुबेनं काय केलं? बाईंना ठाऊकही नसलेली गोष्ट तिनं आपणहून सांगितली. म्हणजे पेटी सरकारी माणसापुढं उघडायची व्यवस्था तिनंच केली! चोर कधी शिपायाला हाक मारून कुलूप दाखवतो का, साहेब?"

साहेबांची लेखणी थांबली. "नाही," ते म्हणाले. "नाही दाखवत."

"मालकांनी खिडकीपुढेच उघडा म्हणून बजावलं. अर्ज भरायला घेतल्यावर मी बाईंना कॉफी आणि मक्याचे उमितास आणून दिले, तो पुरा होईपर्यंत इथंच उभी होते. आम्हाला तिघांनाही माहीत होतं, पेटी दुसऱ्या दिवशी उघडणार. आम्हा तिघांपैकी कोणीही चोर असता, तर ती पेटी तशीच जाऊ दिली नसती. चोराला शनिवारचं काही कळलंच नाही. तो टोपीच्या धंद्यातला आहे. शुक्रवारी संध्याकाळी, आम्ही गेल्यावर, तो इथं एकटा होता. आणि शनिवारी सकाळी तो इथं..."

ती थांबली.

वॉशिंग्टन तोंड उघडं टाकून ऐकत होता. "इथं काय? सांगा ना!"

तार्खेलियाची नजर कारखान्याच्या दारातून आत गेली होती. आत चार लाकडी ठोकळे ओळीनं उभे होते आणि कोपऱ्यात इस्त्री गार पडली होती. शुक्रवारी ती घरी निघाली तेव्हा लेओविखिल्दो म्हणाला होता, "तू हो पुढं. मी दोन टोप्या उरकतो आणि परस्पर गाडी पकडतो." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो तिनं अडीच तास घातला होता.

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "वाक्य पुरं करा."

"मी घेतली," तार्खेलिया म्हणाली.

पोर आजीकडे हात पसरत होती.

"मीच घेतली टोपी. सासूबाईंची होती म्हणून. मला घेऊन चला, पोरीला सोडा."

साहेबांनी वही मिटली. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माणुसकी होती. "तुम्ही शनिवारी इथं होतात. कॉफी दिलीत. तुम्हीच आत्ता मला समजावलंत की जो इथं होता तो चोर असूच शकत नाही. मला ते पटलंय, बाई. आता ते तुमच्यासाठीसुद्धा मला मोडता येणार नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, ते तार्खेलियाला त्या क्षणी कळलं. मुलीच्या सुटकेसाठी तिनं एकेक दार लावत आणलं होतं, आणि स्वतःला पळायला एकही उघडं ठेवलं नव्हतं.

"आई," नुबे म्हणाली. तिला सगळं समजलं होतं. "आई, बाबा?"

घड्याळात पाचला वीस मिनिटं होती.

"खरी टोपी धडधाकट आहे असं मला कळलं," साहेब म्हणाले, "तर तुमच्या मुलीचा अर्ज खरा ठरतो. मग तिच्यावर माझं काही नाही. चोरीचं काय करायचं ते तुमच्या मालकांनी ठरवायचं. पण टोपी आजच दिसली पाहिजे. सातपर्यंत थांबतो, त्यापुढं नाही. लावा फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा."

५

लेओविखिल्दोनं दुसऱ्या घंटीला फोन उचलला.

"तार्खे! अगं, मी तुलाच करणार होतो. आईनं आज दोन वाट्या मक्याचं मोते खाल्लं! डॉक्टर म्हणाला होता आठवडा काढणार नाही, आणि..."

"लेओ, टोपी तुझ्याकडे आहे का?"

फोनमधून नुसता कोंबडा आरवताना ऐकू आला.

"लेओ, नुबेला पकडून न्यायला आलेत. पेटी विमानतळावर उघडली. ती जर्मन बाई विमानानं गेली."

"विमानानं? ती तर बसनं..." त्याचा आवाज फुटला. "नुबेला? नुबेचा काय संबंध? मी... अगं, तिच्या केसालाही धक्का लागेल असं मला वाटलं असतं तर..."

"का घेतलीस रे?"

तो अगदी हळू बोलला, बहुधा शेजारच्या खाटेवर ऐकू जाऊ नये म्हणून.

"पन्नास वर्षं विणतेय ती, तार्खे. टोकं लोंबताहेत, कड उघडी आहे, अशीच टोपी दर वेळी व्यापारी घेऊन जायचा. पुरी झालेली एकही तिनं हातात धरलेली नाही. एकही नाही! मला म्हणाली, ही शेवटची, हिचं पुढं काय झालं ते मला सांग. काय सांगायचं होतं मी? मी तिच्या हातात दिली. मालकांनी भेट पाठवली म्हणून सांगितलं. दोन दिवस ती बोटं फिरवतेय, झोपेतसुद्धा सोडत नाही. डॉक्टर आठवडा म्हणाला होता. उद्या घेऊन आलो तर नाही चालणार? फक्त उद्या?"

तार्खेलियानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान खाली घातली, पण होकार दिला नाही. नुबे पोरीला घट्ट धरून उभी होती.

"नाही," तार्खेलिया म्हणाली. "आजच. आता लगेच. लेओ, तिच्या हातातून काढून घे."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"व्हायला पाहिजे."

"तू ये आणि तू काढ! मी कसं..." आणि तो मोठा, साठीला आलेला माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. मालकांनी गल्ल्याचा खण उगाचच उघडला आणि बंद केला.

मग फोनमध्ये खरखर झाली आणि एक बारीक, कोरडा आवाज आला. "कोण, तार्खेलिया का? मला दे रे तो. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले."

"सासूबाई..."

"भेट नव्हती तर. मलाही वाटलंच, एउदोरोला एवढा उमाळा कुठून आला. कड तू बंद केलीस ना?"

"हो."

"चांगली केलीस. एका ठिकाणी जरा घट्ट झालीय, पण चांगली आहे. मला एवढंच सांग, त्या बाईला ती बसली का? डोक्याला? मी माप धरून थोडीच विणते."

तार्खेलियाला वॉशिंग्टननं सांगितलेलं आठवलं, बाई आरशासमोरून हलत नव्हत्या.

"बसली, सासूबाई. अगदी तिच्यासाठीच केल्यासारखी."

तिकडे म्हातारीनं एक लांब श्वास सोडला. काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग ने बाई. डोक्यासाठीच केली होती." आणि मग फोनपासून तोंड वळवून, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या जोरात, ती मुलाला म्हणाली, "रडतोस काय? बूट घाल. शेवटची गाडी साडेपाचला सुटते."